'जवळ' म्हणजे किती जवळ?

गिऱ्हाईक 'जरा फिका रंग' म्हणाले, की आम्ही कापडवाले लगेच गाठ बांधत नाही. दोन नमुने पुढे टाकतो, मग सौदा. तोंडी हुकमावर नकाशा दाखवणाऱ्या संगणकालाही हीच रीत शिकवावी लागली.

यंत्र ऐकलेल्या शब्दांना भरवशाचे गुण देते. गुण कमी पडले तर सरळ विचारते, "पिंपळगाव म्हणालात का?" गुण बरे असतील तर पुढच्या प्रश्नातच नाव गुंफते, "पिंपळगावला केव्हा निघणार?" यात वेळ वाचतो, मात्र बोलणाऱ्याचे लक्ष नसेल तर चूक तशीच पुढे सरकते. शिवाय नाव बरोबर ऐकूनही भागत नाही. पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव राजा बुलढाण्यात. ट्रकचे भाडे कोण भरणार?

खरी मेख 'जवळ' या शब्दात आहे. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे गुओरे त्साय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यावर निबंध मांडला. त्यांच्या मते 'जवळ'चे एकच माप ठरवता येत नाही; ते कामावर, वाहनावर, नकाशाच्या आवाक्यावर अवलंबून असते. म्हणून यंत्राने अंदाज करून नकाशा पुढे ठेवावा, माणसाने "एवढे लांब नको" म्हणावे, आणि बोलता बोलता दोघांचे माप जुळावे. आम्हाला ही पद्धत पटते. हातगाडीवाल्याचे 'जवळ' आणि ट्रकवाल्याचे 'जवळ' एक कसे असेल?

तेव्हा वाचकहो, फोनला गोदाम विचारताना तालुका व जिल्हा बोला, वाहन कोणते तेही सांगा, आणि यंत्र नाव उच्चारील तेव्हा कान तिकडे ठेवा.