लाल पेन जरा बाजूला ठेवा

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी पालकांची रीघ लागते. त्यात दोन-तीन जण हमखास असे असतात, की त्यांना मुलाचा गुण सांगतानाही अवघडल्यासारखं होतं. "तसा लिहितो बरा. पण लिहून पोट भरतं का हो?"

कथा-कवितांवर फार थोड्यांचं भरतं, हे मी आधीच सांगून टाकतो. लिहिता येण्यावर मात्र पुष्कळांचं भरतं. मालिकांचे संवाद, जाहिराती, बातम्या, भाषांतरं, सबटायटल्स. बँकेच्या ॲपवर येणारी दोन ओळींची सूचनासुद्धा कुणीतरी डोकं लावून लिहिलेली असते. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखन शिकवतात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता. आणि ज्यांना कलेक्टरच व्हायचंय त्यांच्यासाठी : यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो, तो मराठीतही लिहिता येतो.

पोटाचं ठीक आहे. मला काळजी वाटते ती वहीची.

डोंबिवलीची एक आई सहावीतल्या लेकीला घेऊन आली होती. वहीत 'पावसाळ्यातील एक दिवस'. काळेकुट्ट ढग दाटून आले होते, मोर थुईथुई नाचत होते. आईनं घरीच लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ तपासलेलं.

"मोर कुठे पाहिलास?"

"नाही पाहिला. गाइडमध्ये आहे."

मग तू काय पाहिलंस, असं विचारल्यावर जरा वेळानं ती बोलू लागली. लोकल बंद पडल्या होत्या. बाबा रात्री एक वाजता रुळांवरून चालत आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आजीनं आमटी तीनदा गरम केली, तिसऱ्यांदा ती खाली लागली.

"हे का नाही लिहिलंस?"

"हे निबंधात चालतं?"

ती असं विचारते यात तिचा दोष नाही. आपण वही हातात घेतो ती चुका शोधायला, वाचायला नाही. पहिली दुरुस्ती झाली की मूल सावध होतं आणि बिनचूक, म्हणजे दुसऱ्याची, वाक्यं लिहू लागतं. शुद्धलेखन पाहावंच, पण दुसऱ्या दिवशी. आधी एवढंच विचारावं : "मग पुढे काय झालं?" आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल पालथा ठेवावा. परीक्षेचा साचा नववी-दहावीत दोन महिन्यांत शिकवता येतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची सवय मात्र तेव्हा लावायला गेलं तर फार उशीर झालेला असतो.

ज्यांना अजून लिहिता येत नाही, त्यांचं आपण लिहून घ्यावं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ऐकून उतरवून घेतल्या. १९५२ साली पुस्तक आलं तेव्हाही त्यांची खानदेशी बोली तशीच होती. कुणी 'शुद्ध' करायला बसलं असतं तर काय उरलं असतं, कोण जाणे. आपल्याकडे उलट चालतं. पोर "म्या पायलं" म्हणालं की आपण त्याची गोष्ट मध्येच तोडतो.

वाचनाचं म्हणाल, तर "वाच, वाच" म्हणून कुणी वाचत नाही. घरात कुणी वाचताना दिसलं तर वाचतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. झोपताना त्यातली एक गोष्ट मोठ्यानं वाचा, आवाज काढून वाचा. रोजनिशीची सक्ती नको. आणि लपवलेली वही सापडलीच तर न उघडता जागेवर ठेवा. हे सगळ्यात अवघड, मला माझ्या घरी जमलं नव्हतं.

डोंबिवलीच्या बाई दिवाळीनंतर पुन्हा आल्या. लेकीनं तोच निबंध नव्यानं लिहून शाळेत दिला होता. आमटीला करपट वास येत होता, तरी बाबा दोनदा भात घेऊन जेवले, असा त्यात शेवट. दहापैकी सहा गुण, खाली शेरा : 'निसर्गवर्णन कमी'. बाई तो शेरा दाखवताना हसत होत्या. त्या पानाचा फोटो म्हणे नवऱ्यानं मोबाइलमध्ये ठेवलाय, आणि लोकलमध्ये शेजारी बसेल त्याला दाखवतो.