गावाचा नकाशा संगणकावर : बिंदू, रेषा आणि क्षेत्र

पाठाचा हेतू : गावातील वस्तू संगणकीय नकाशावर योग्य रूपात मांडणे, तिची माहिती नोंदणे आणि चुकलेली मांडणी जबाबदारीने दुरुस्त करणे, ही तीन कौशल्ये शिक्षकास अवगत व्हावीत आणि त्यांतील सोपा भाग चौथी-पाचवीच्या मुलांपर्यंत पोहोचावा.

साहित्य : संगणक, त्यावर ‘क्यूजीआयएस’ ही विनामूल्य मिळणारी प्रणाली, जीपीएस असलेला मोबाइल, वही, पेन्सिल, खडू आणि दोरी.

विषयप्रवेश

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली सापडली. लोणावळ्याहून घाट उतरला की खालापूर तालुका लागतो. त्या तालुक्यातील ही ठाकर समाजाची वस्ती. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत तिचे नाव नव्हते. तेथवर वाहन जाईल असा रस्ताही नव्हता. मदतीस धावलेल्यांना भर पावसात पायवाटेने डोंगर चढावा लागला.

नकाशाने दरड थांबत नाही, हे खरेच. परंतु वाडी नेमकी कोठे आहे, तिची वाट कोठून फुटते, घरे किती आहेत, हे अगोदर नोंदलेले असले तर संकटाच्या वेळी विचारपूस करण्यात जाणारा वेळ वाचतो. मावळातही डोंगरउतारांवर वाड्यावस्त्या आहेत आणि तेथील मुले आपल्याच शाळांत येतात. त्या वाड्यांच्या वाटा शिक्षकांच्या पायाखालच्या आहेत. म्हणूनच हा विषय केवळ नव्या यंत्राचा नाही.

१. वस्तूची तीन रूपे

संगणकीय नकाशात प्रत्येक वस्तू तीनपैकी एका रूपात मांडली जाते. विहीर, हातपंप, देऊळ हे बिंदू. ओढा, पायवाट, लोहमार्ग या रेषा. तळे, खाचर, गावठाण ही क्षेत्रे. क्षेत्र म्हणजे भूमितीतील बहुभुज होय. त्याचे शिरोबिंदू एकामागून एक दिले की आकृती आपोआप बंद होते. एका जातीच्या वस्तूंचा एक स्तर करावा. विहिरींच्या स्तरात रस्ता घालू नये.

कोणते रूप घ्यावयाचे, हे नकाशाच्या प्रमाणावर अवलंबून असते. तालुक्याच्या नकाशात कार्ला हे गाव एक बिंदू असते. गावाच्या नकाशात तेच क्षेत्र होते आणि शाळा हा बिंदू ठरतो. मुलांना हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण त्याच्या उत्तरातून प्रमाणाची कल्पना व्याख्येवाचून समजते.

रेषेला दिशाही असते. इंद्रायणीची रेषा काढताना कुरवंड्याच्या बाजूने आरंभ करून कामशेत, देहू, आळंदीवरून तुळापूरच्या भीमा-संगमाकडे जावे. प्रवाहाच्या दिशेने रेषा काढण्याचा हा संकेत पाळला, तर पाणी कोणीकडे वाहते हे नकाशा स्वतः सांगू शकतो.

२. स्थान आणि त्यातील चुका

लोणावळा सुमारे १८.७५ उत्तर अक्षांशावर आणि ७३.४१ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे लिहिताना दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक आकड्यांच्या अदलाबदलीची. आपण अक्षांश आधी बोलतो. संगणक मात्र बहुधा एक्स म्हणजे रेखांश आधी मागतो. अदलाबदल झाली की लोणावळा नॉर्वेच्या उत्तरेस थंड समुद्रात जाऊन पडते! ही चूक लगेच दिसते, म्हणून ती फारशी घातक नाही.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. १८ अंश ४५ मिनिटे म्हणजे १८.७५ अंश, कारण ४५ मिनिटे हा अंशाचा पाऊण भाग होय. कोणी ते १८.४५ असे लिहिले, तर वस्तू सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेस, मुळशीच्या डोंगरात ताम्हिणीच्या परिसरात सरकते. तेथेही डोंगर आणि जंगलच असल्यामुळे चूक सहज लक्षात येत नाही. दशांश अपूर्णांकाच्या पाठास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

दशांशस्थळांचे मोलही सांगावे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. म्हणून चौथ्या दशांशस्थळाचा एक घटक सुमारे ११ मीटर आणि पाचव्याचा सुमारे १ मीटर होतो. विहिरीसाठी पाच स्थळे पुरेत. मोबाइलने सात-आठ स्थळे दाखविली, तरी तेवढी अचूकता त्याच्या अंगी असते असे नाही. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी तो बऱ्याच मीटरांनी चुकू शकतो. तेथे थोडे थांबून दोन-तीन वेळा नोंद घ्यावी.

३. सामाईक बांध

शेजारच्या दोन खाचरांत बांध एकच असतो. पहिले खाचर काढून झाल्यावर दुसऱ्याची कड अंदाजाने वेगळी काढली, तर दोहोंमध्ये कोठे फट पडते, कोठे एक दुसऱ्यावर चढते. पडद्यावर ते दिसतही नाही. परंतु क्षेत्रफळांची बेरीज केली की हिशेब जुळत नाही.

यावर उपाय असा की, काढू लागण्यापूर्वी ‘स्नॅपिंग’ची सोय चालू करावी. तिच्यामुळे नवा शिरोबिंदू जवळच्या जुन्या शिरोबिंदूस तंतोतंत चिकटतो. सामाईक शिरोबिंदू हलविताना दोन्ही क्षेत्रे बरोबर हलावीत, अशीही सोय या प्रणालीत आहे.

रस्त्यांनाही हाच नियम लागू होतो. नाक्यावर दोन रस्ते खरोखर मिळतात, म्हणून त्यांचा शिरोबिंदू एकच हवा. पुलावर मात्र रस्ता नदीला ओलांडतो, मिळत नाही. तेथे सामाईक बिंदू देऊ नये.

येथे एक सावधगिरीची सूचना. शाळेत काढलेला नकाशा हा हद्दीचा पुरावा नव्हे. जमिनीची मोजणी व हद्द कायम करणे हे भूमी अभिलेख खात्याचे काम आहे. मुलांच्या नकाशाने बांधाचा तंटा उभा राहू नये, म्हणून खाजगी शेतांच्या हद्दी न काढता शाळेचे आवार, वाटा व पाणवठे यांवरच सराव करावा.

४. माहितीचा तक्ता

आकृती काढली म्हणजे अर्धेच काम झाले. प्रत्येक वस्तूमागे तक्त्याची एक ओळ असते. विहिरीच्या ओळीत नाव, पाणी किती महिने टिकते, पिण्यायोग्य आहे काय, आणि शेवटी ‘कोणत्या दिवशी पाहिले’ हे रकाने असावेत. शेवटचा रकाना कधीही गाळू नये.

त्याचे कारण वळवणच्या तलावाकडे पाहिले म्हणजे कळते. मे महिन्यात पाणी आत सरते, पावसाळ्याअखेर ते काठाशी येते. उपग्रहचित्रावरून काठ काढणाऱ्याने चित्र कोणत्या महिन्याचे आहे हे न नोंदल्यास दोन शाळांचे दोन तलाव होतील आणि दोघेही आपलेच खरे म्हणतील.

१५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. नकाशावर ‘पूल’ एवढाच शब्द पुरेसा नसतो. तो पायी जाणाऱ्यांचा की वाहनांचा, वापरात की बंद, आणि ही स्थिती कधी पाहिली, हे लिहिले तरच नोंद उपयोगी पडते.

५. काढणे आणि दुरुस्त करणे

कृतीचा क्रम असा : नवा स्तर उघडून रूप ठरवावे, रकाने ठरवावेत, पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारून संपादन सुरू करावे, डाव्या कळीने शिरोबिंदू देत जावे आणि उजव्या कळीने आकृती पुरी करावी, समोर येणारा तक्ता भरावा, शेवटी बदल जतन करावेत. जतन न करता उठल्यास श्रम वाया जातात.

वाट थोडी चुकली असेल, तर ती पुसून नवी काढू नये. चुकलेले शिरोबिंदू तेवढे हलवावेत. पुसल्याने तिच्याबरोबर तक्त्यातील सर्व नोंदीही जातात. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा २००४ साली सुरू झालेला जागतिक नकाशा कोणासही संपादित करता येतो. त्यात प्रत्येक वस्तूच्या बदलांचा इतिहास राहतो. वस्तू पुसून नवी काढली, की तो धागा तुटतो.

असा सार्वजनिक नकाशा ही सरावाची पाटी नव्हे. सराव आपल्या संगणकातील स्तरावर करावा. सार्वजनिक नकाशात प्रत्यक्ष पाहिलेलेच भरावे. दुसऱ्याच्या छापील किंवा संगणकीय नकाशावरून उतरवू नये. मुलांची किंवा घरमालकांची नावे घालू नयेत.

वर्गकार्य

मुलांचे चार गट करावेत. पहिल्या गटाने अंगणात खडूने शाळेचे आवार काढावे व शिरोबिंदूंवर दगड ठेवावेत. दुसऱ्याने त्यास दोरी गुंडाळावी. तिसऱ्याने शेजारचे मैदान तेच दगड वापरून काढावे. चौथ्याने वहीत तक्ता भरावा. मग एक सामाईक दगड हलवून दोन्ही दोऱ्यांचे काय होते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. जेथे संगणक नाही, तेथेही पाठाचा गाभा एवढ्याने पोहोचतो.

त्यानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येक वाडीची वाट तेथील मुलांनी सांगावी व इतरांनी काढावी. ओढा कोठे ओलांडतात, पावसाळ्यात तो किती दिवस अडवतो, हे तीच मुले अचूक सांगतात. अभ्यासात मागे राहणारे मूल या तासाला पुढे आलेले पुष्कळदा दिसेल.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या गावातील अशी वस्तू सांगा, जी एका नकाशात बिंदू आणि दुसऱ्यात क्षेत्र होईल.
२. १८ अंश ३६ मिनिटे हे माप दशांशात लिहा.
३. ओढ्यावरील साकवाच्या तक्त्यात कोणते रकाने ठेवाल व का?
४. शाळेच्या हद्दीतील कोणत्या वाडीची वाट अद्याप कोणत्याही नकाशात नाही? येत्या पावसाळ्यापूर्वी ती स्वतः चालून नोंदावी.