चमकणारा दगड म्हणजे खाण नव्हे



"तुमच्या कुरखेड्याकडे जमिनीत काय काय सापडतं गं?" हा प्रश्न हॉस्टेलवर मला नेहमी विचारला जातो. गडचिरोली म्हटलं की सुरजागडचं लोखंड आणि जंगल, एवढंच बहुतेकांना माहीत. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे शास्त्राचे मराठी शब्द मला कमीच येतात. तरी मायनिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकलेला एक धडा मराठीतच सांगणार आहे, कारण तो उद्या गावात सांगावा लागेल. धडा आहे मॉलिब्डेनमचा.

आपल्या मेसच्या ताटात हा धातू शोधू नका. पण केमिकल प्लँटमध्ये आणि समुद्रकाठी जे ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील वापरतात, त्यात तो २ ते ३ टक्के असतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यातही स्टीलला खड्डे कमी पडतात. वर्कशॉपमधल्या काळ्या 'मोली ग्रीस'मध्ये याचंच सल्फाइड मिसळलेलं असतं. २०२३ साली केंद्र सरकारने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, त्यात मॉलिब्डेनम आहे.

कुरखेड्याची जमीन बस्तर क्रेटॉन या अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशात येते. ग्रॅनाइट आणि नाइस हे इथले नेहमीचे खडक. याच क्रेटॉनच्या उत्तर भागात, गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात, मलांजखंडची तांब्याची खाण आहे. तिथे ग्रॅनाइटमधल्या गारेच्या शिरांत तांब्यासोबत मॉलिब्डेनाइट सापडतं. त्यातलं रेनियम अतिशय सावकाश ऑस्मियममध्ये बदलत जातं. या घड्याळावरून २००४ च्या एका अभ्यासात तिथल्या खनिजाचं वय सुमारे २४९ कोटी वर्षं निघालं.

आता कल्पना करा, आमच्याकडच्या नाल्यात कोणाला चमकणारा दगड सापडला. पहिली शंका अभ्रकाची घ्यावी. अभ्रकाची पापडी वाकवून सोडली की परत सरळ होते, कागदावर उमटत नाही. मॉलिब्डेनाइट वाकलं की वाकलेलंच राहतं आणि पेन्सिलीसारखं उमटतं. पण ग्रॅफाइटही तसंच वागतं! मग रंग बघायचा: मॉलिब्डेनाइटला निळसर झाक असते, आणि चकचकीत चिनी मातीवर घासलं तर रेघ हिरवट दिसते. वजनातही फरक आहे. ते ग्रॅफाइटच्या दुप्पट जड असतं.

समजा, ते मॉलिब्डेनाइटच निघालं. मग खाण झाली का? हिशेब करू. शीर १० सेंटिमीटर जाड, ५० मीटर लांब आणि २० मीटर खोल धरा. म्हणजे १०० घनमीटर, अंदाजे २७० टन दगड. त्यात धातू ०.२ टक्के असला तर मिळाले ५४० किलो. हा धातू इतका जड आहे की सगळा आपल्या बाथरूममधल्या तीन बादल्यांत मावेल. आणि शिरेपर्यंत पोचायला एक मीटर रुंद चर खणला, तर २,७०० टन दगड उपसावा लागेल. तीन बादल्यांसाठी!

म्हणून खनिज 'आढळणं' आणि खनिजाचा 'साठा' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोध चार पायऱ्यांनी जातो. जी-४ मध्ये नकाशे करतात, ओढ्यांचा गाळ आणि खडकांचे नमुने तपासतात. जी-३ मध्ये चर खणून थोडे बोअर घेतात. जी-२ मध्ये ठराविक अंतरावर बोअर, आणि जी-१ मध्ये ते आणखी जवळजवळ. बहुतेक ठिकाणांची गाडी पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरच थांबते. ते अपयश नसतं, ते उत्तर असतं.

हे गावात का सांगायचं? कारण मशीन दिसली की दोन अफवा एकदम उठतात: "आता सगळ्यांना नोकऱ्या" आणि "आता गाव उठणार". मोहा, तेंदू आणि बांबूवर ज्यांचं घर चालतं, त्यांची या दोन्हींनी झोप उडते. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला आवाज दिला आहे. पण समोरचं काम नुसतं जी-४ आहे की जी-१, हेच कळलं नाही तर ग्रामसभा प्रश्न तरी काय विचारणार? बोअर किती, किती खोल, पाणी कुठून घेणार, भोक बुजवणार का, हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. मात्र सरळ उत्तर द्यायला इंजिनिअर लागतो.

आपल्यातले काही जण उद्या हेल्मेट घालून अशाच एखाद्या गावात उतरतील. गावातली आजी हातात दगड देऊन विचारेल, "बेटा, यात काय आहे?" तेव्हा आधी कागदावर घासून बघा. आणि जे दिसेल तेवढंच सांगा, तिला समजेल अशा भाषेत.