सूटवर नाव, हेल्मेटवर रंग

प्रश्न : रेसिंग सूटवर नाव भरून आणि हेल्मेट रंगवून घेतलेलं चालतं का?

उत्तर : चालतं, पण गल्लीतल्या शिंप्याकडे किंवा पेंटरकडे नको. मोटरस्पोर्टची जागतिक नियामक संस्था एफआयए हिच्या नियमानुसार भरतकाम सूटच्या सर्वांत बाहेरच्या थरावरच करायचं, दोराही ज्वालारोधक हवा. साधा पॉलिस्टरचा दोरा आगीत वितळतो. २०२० मध्ये बहारीनच्या शर्यतीत फॉर्म्युला वन चालक रोमाँ ग्रोजाँ गाडीला अपघात होऊन सुमारे २८ सेकंद आगीत अडकला होता. हात भाजले, जीव वाचला. अशा वेळी सूटचा प्रत्येक थर मोलाचा!

हेल्मेटचं काम त्याहून नाजूक. रंगातलं थिनर आतल्या फोमपर्यंत झिरपलं, तर फोम कमकुवत होतो आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून आतली बाजू नीट झाकून, उत्पादकाला चालणाराच रंग वापरावा. इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून बनवलेलं कवच मात्र सहसा रंगवण्याजोगं नसतं.