दाद द्या, सुधारणाही सुचवा

वर्गापुढे उभे राहून मराठीतून पाच मिनिटे बोलायचे म्हटले, की तुमच्यापैकी अनेकांची छाती धडधडते. चुकण्याची भीती वाटतेच. पण वर्ग हसेल, ही भीती त्याहून मोठी असते. ती घालवणे शिक्षकांच्या हाती थोडे आणि ऐकणाऱ्या तुमच्या हाती पुष्कळ आहे.

समजा, मीरा-भाईंदरमधील एका शाळेत नववीची विद्यार्थिनी 'भाईंदरची मिठागरे' या विषयावर बोलत आहे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी मिठागरात घेतात, ते उथळ कप्प्यांत साठवतात आणि उन्हाने पाणी आटले, की मीठ उरते, हे ती तक्ता दाखवून सांगते. बोलता बोलता ती म्हणते, "मीठ पांढरा असतो." मागच्या बाकावर हशा पिकतो. पुढचे काहीच न आठवून ती खाली बसते.

खरे तर चूक साधी आहे. उर्दूत मुजक्कर आणि मुअन्नस अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत तिसरे नपुंसकलिंगही आहे. उर्दूतला 'नमक' पुल्लिंगी, मराठीतले 'मीठ' नपुंसकलिंगी. म्हणून 'मीठ पांढरे असते' असे म्हणावे. ही गोष्ट हसण्याने तिला कळली नाही. कोणी प्रेमाने सांगितली असती, तर ती कायमची लक्षात राहिली असती.

मग अभिप्राय कसा द्यावा? भाषण संपेपर्यंत मध्ये टोकू नका. नंतर आधी आवडलेली गोष्ट नेमकी सांगा. नुसते "छान झाले" म्हटल्याने बोलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "तक्त्यामुळे पाणी कोठून येते ते समजले," असे म्हणा. मग एखादीच सुधारणा सुचवा : "पावसाळ्यात मिठागराचे काय होते, तेही सांग." बोला ते भाषणाबद्दल, माणसाबद्दल नव्हे. "तुला मराठी येतच नाही," हा अभिप्राय नाही, तो घाव आहे. तसेच केवळ मैत्रीखातर खोटी स्तुतीही करू नका; तिने चूक तशीच राहते.

अभिप्राय ऐकणाऱ्यानेही लगेच वाद घालू नये. सूचना वहीत लिहाव्यात, पटतील त्या घ्याव्यात आणि काही दिवसांनी तेच भाषण पुन्हा करावे. दुसरी संधी मिळाली, तरच सूचनेचा उपयोग होतो.

ही रीत तुम्हांला परकी नाही. मुशायऱ्यात चांगल्या शेराला दाद मिळते. हा 'दाद' शब्द मराठीतही रुळला आहे. शायर आपली रचना उस्तादाला दाखवून इस्लाहही घेत. तरुण इक्बाल आपल्या गझला पंजाबातून टपालाने दाग देहलवी यांच्याकडे इस्लाहसाठी पाठवत. एवढ्या मोठ्या कवीला सुधारणा करून घेण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

उद्या तुमच्या वर्गात कोणी अडखळले, तर हसू आवरा. त्याला वाक्य पूर्ण करू द्या. पुढच्या वेळी तो पुन्हा उभा राहील की नाही, हे तुमच्यावर अवलंबून आहे.

शब्दार्थ
मिठागर – मीठ पिकवण्याची जागा
हशा पिकणे – सर्वांनी मोठ्याने हसणे
टोकणे – मध्येच अडवणे
घाव – जखम

स्वाध्याय
१. विद्यार्थिनी बोलता बोलता खाली का बसली?
२. 'छान झाले' हा अभिप्राय अपुरा का आहे?
३. मित्राचे भाषण ऐका. आवडलेली एक गोष्ट व एक सुधारणा मराठीत लिहा.