शैलचित्रांतील आयुधे

प्राचीन शिकाऱ्याच्या आयुधांपैकी संशोधकाच्या हाती येतो तो बहुधा केवळ दगडी भाग. धनुष्याचे लाकूड कुजते, प्रत्यंचा नष्ट होते, बाणाची काडी मातीत मिसळून जाते. उरतात ती कठीण दगडाची नखाएवढी पाती. त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. ही पाती आयुधात कशी बसविली जात, हे ती नुसती पाहून पुरते उमगत नाही. येथे शैलचित्रे साहाय्यास येतात.

मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रय १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी उजेडात आणले. पुढे तेथे वाकणकर यांनी, तसेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी उत्खनन केले. जमिनीत सूक्ष्मास्त्रे मिळाली, तर भिंतींवर धनुर्धर आणि भालाईत दिसतात. चित्रांतील काही भाल्यांना व बाणांना काटे आहेत. दांड्याला खाच पाडून तीत लहान पाती चिकट द्रव्याने ओळीने बसविली, की असेच काटेरी टोक तयार होते. जमिनीतील पाते आणि भिंतीवरील चित्र यांची अशी सांगड बसते.

आयुधांवरून चित्रांचा कालक्रमही लावता येतो. ढाल-तलवार घेतलेले घोडेस्वार ज्या चित्रांत आहेत, ती ऐतिहासिक काळातील होत. एका चित्रावर दुसरे काढलेले असेल, तर खालचे आधीचे ठरते. मात्र केवळ धनुष्य पाहून काळ ठरविता येत नाही. कारण ते हजारो वर्षे वापरात राहिले.

छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातील सिंघनपूर येथेही लाल रंगात शिकारीची दृश्ये रंगविलेली आहेत. दूर अरबस्तानच्या वाळवंटात, जुब्बा व शुवैमिस येथे, चित्रे रंगविलेली नसून खडकावर कोरलेली आहेत. त्यांत धनुर्धरांसोबत कुत्रे असून, काही कुत्र्यांच्या गळ्यापासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत दोरीसारखी रेषा जाते. शिकारीतील ही सोबत दगडी पात्यावरून कधीच कळली नसती.

तथापि चित्र म्हणजे घटनेची तंतोतंत नोंद नव्हे. काय दाखवावे व काय वगळावे, हे चित्रकार ठरवितो. म्हणून चित्राची साक्ष उत्खननातील वस्तूंशी पडताळून पाहावी लागते. भिंतीवर नाव कोरणारा किंवा रंगावर हात घासणारा प्रेक्षक ही साक्ष कायमची पुसून टाकतो. कारण लाकडी धनुष्य तर केव्हाच नाहीसे झालेले असते.