पोटाच्या दुखण्याचा हिशेब

सकाळी तीनदा जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. नगरला जाणारी एसटी स्टँडवर लागली की नेमकी कळ येते. गावात याला कुणी 'गॅस' म्हणतं, कुणी 'आव'. तीन सोनोग्राफ्या होतात, तिन्ही नॉर्मल येतात, आणि माणूस आणखी घाबरून चौथीला पैसे काढतो.

हा आजार पुष्कळदा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असतो. आतड्याला जखम नसते, सूज नसते. ते हळवं झालेलं असतं. म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. निदान होतं ते विचारपूस करून: तीन महिने आठवड्यातून किमान एकदा पोट दुखतं का, दुखणं शौचाशी जोडलेलं आहे का, शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदललंय का. तेव्हा पैसे मोजायचे ते नीट ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला.

सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ओपीडी आणि तिथल्या तपासण्या मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. खासगीत फी साधारण तीनशे ते आठशे, रक्ताची साधी तपासणी दोनशे-चारशे. गव्हामुळे बळावणाऱ्या सिलियाक आजाराची रक्ततपासणी हजाराच्या पुढे जाते, पण जुलाब जुने असतील तर ती करावीच. दुर्बिणीने आतडं तपासायला काही हजार लागतात. ती सगळ्यांना लागत नाही.

मात्र शौचातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात आतड्याचा कॅन्सर असेल, तर पैशाचा विचार करत बसू नका. डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली तर तिचे दर तेवढे दोन ठिकाणी विचारा. लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारखं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय त्यात धरा.

कुठलं अन्न सोसत नाही हे सांगणाऱ्या हजारो रुपयांच्या रक्ततपासण्यांचं पॅकेज मात्र घेऊ नका. आयबीएसमध्ये त्यांचा उपयोग नाही. त्यापेक्षा दहा रुपयांची वही आणा. काय खाल्लं, कधी दुखलं, दोन आठवडे लिहा. आपल्याकडे संशयित बहुतेकदा घरचाच निघतो: कांदा, लसूण, दूध, गव्हाची पोळी. नगरसारख्या कांद्याच्या जिल्ह्यात हे सांगणं जिवावर येतं, पण महिनाभर कांदा सोडून बघा. ज्वारीची भाकरी सहसा सोसते. आराम पडला तर एकेक पदार्थ परत सुरू करा, सगळं कायमचं सोडू नका.

औषधात इसबगोल स्वस्त. एक चमचा पेलाभर पाण्यात, घट्ट व्हायच्या आत प्यायचं. हळूहळू वाढवायचं, नाहीतर पोट फुगतं. कळ थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टरने लिहिल्या तर घटकाचं नाव विचारून जनऔषधी केंद्रात बघा.

आणि जुने रिपोर्ट तारखेने लावून पिशवीत न्या. तीच तपासणी पुन्हा लिहून दिली, तर मागची का चालत नाही, एवढं विचारा.